दाढीच्या पात्याचं होकायंत्र

प्री-सीला, म्हणजे जहाजावर जाण्याआधीच्या प्रशिक्षणाला, नव्याने आलेल्या पोरांना मी पहिल्याच रविवारी सामान आणायला सांगतो: दाढीचं जुनं पातं, टिचबटण, टाचणी, खोडरबर, फेविक्विक, एक चुंबक. होकायंत्र आधी हाताने करा, डेव्हिएशनचं (जवळच्या लोखंडामुळे काट्यात येणाऱ्या चुकीचं) पाठांतर मग.

कल्पना उसनी आहे. दुसऱ्या महायुद्धात सागान इथे (आता हे पोलंडमध्ये येतं) स्टालाग लुफ्ट ३ ही युद्धकैदी वैमानिकांची छावणी होती. तिथे अल हेक नावाचा ऑस्ट्रेलियन होकायंत्रांचा कारखानाच चालवायचा. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्या तापवून कणकेसारख्या मऊ करायच्या आणि साच्यात दाबून डबी काढायची. मधोमध खुंटी म्हणून ग्रामोफोनचीच सुई. काटा म्हणजे चुंबकावर घासलेला शिवणाच्या सुईचा तुकडा, डाग (सोल्डर) द्यायला मांसाच्या डब्यांच्या सांध्यावरचं कथील, वर फुटक्या खिडकीची काच. आणि तळाला ठसा: ‘स्टालाग लुफ्ट ३ मध्ये तयार, पेटंट प्रलंबित’! मार्च १९४४ मध्ये बोगद्यातून ७६ जण निसटले. तिघे सुखरूप पोचले. पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या, हेक त्यांतलाच.

आता आपलं. पातं फडक्यात धरून उभं मोडा. मी फडक्याशिवाय मोडलं होतं, अंगठ्यावर व्रण अजून आहे. टिचबटणाला आधी चुंबक लावून बघा, चिकटलं तर ते लोखंडी, टाकून द्या. बटणाची वाटी पात्याच्या मध्यावर फेविक्विकने डकवा आणि रबरात उलट्या खोचलेल्या टाचणीवर तोला. मग चुंबक एकाच दिशेने फिरवा, परत येताना उचलून. मी पहिल्यांदा सुरीला धार लावल्यासारखा मागेपुढे घासत बसलो होतो, काटा ढिम्म. चुंबकत्व आलं की उत्तरेचं टोक जरा खाली झुकतं, दुसऱ्या टोकाला एम-सीलचा कण लावा. उत्तर टोक कुठलं ते रात्री ध्रुवतारा बघून ठरवा. मुंबईत तो जेमतेम १९ अंशांवर असतो, इमारतींमागे लपतो.

मुंबईत व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक) जवळजवळ शून्य, त्यामुळे काटा चुकला तर व्हेरिएशनवर ढकलता येत नाही. माझा काटा हॉस्टेलच्या लोखंडी खाटेवर चक्क पूर्वेला वळला होता. गच्चीच्या मध्यावर नेला, तर सरळ. पुढे ओरल्सला (तोंडी परीक्षेला) सर्व्हेयरने, म्हणजे परीक्षकाने, डेव्हिएशन म्हणजे काय विचारलं, तेव्हा मी खाटेपासूनच सुरुवात केली.