रात्री वारा फिरला तर? शिडाच्या होडीने बेटाबेटांतून जाताना

दोन बेटांमधलं अंतर २०-२५ सागरी मैल असेल तर ५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने ४-५ तास लागतात. खरी परीक्षा नांगर टाकल्यावर असते. दुपारी पश्चिमेचा वारा असला की बेटाच्या पूर्वेला उत्तम आडोसा मिळतो. रात्री वारा पूर्वेचा झाला की तीच जागा होडीला किनाऱ्यावर लोटते. म्हणून मुक्कामाची जागा रात्रीच्या अंदाजावरून ठरवा आणि वारा उलटला तर गाठायची दुसरी जागा निघण्याआधीच नकाशावर खुणावून ठेवा.

बॅरोमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा दर तासाला वहीत लिहा. ३ तासांत ३ हेक्टोपास्कल उतरला तर निघू नका. अंदाजातला वाऱ्याचा वेग सरासरी असतो, झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतात. १५ नॉटचा वारा २१ झाला की शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तेव्हा शीड झोताच्या हिशेबाने कमी करा, तेही आडोशातच. खुल्या पाण्यात, लाटांवर डोलकाठीपाशी उभं राहून हे काम करणं धोक्याचं असतं. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेत वारा वाढतो. प्रवाह त्याच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशी वाट प्रवाह थांबलेला असतानाच पार करा.

पोचायचं ते सूर्य चांगला वर असताना. तेव्हाच खडक आणि शेवाळ गडद दिसतं, रेती फिकट. नांगर रेतीत किंवा घट्ट चिखलात टाका.

नांगराच्या साखळीच्या मोजणीत चूक फार होते. पाणी ४ मीटर, भरतीने वाढणार २ मीटर, पाण्यापासून होडीच्या नाकापर्यंतची उंची १ मीटर, म्हणजे हिशेब ७ मीटरचा. शांत हवेत त्याच्या पाचपट, ३५ मीटर साखळी सोडा. वारा वाढणार असेल तर सातपट, ४९ मीटर. नुसतं ४ मीटर धरलं तर भरतीच्या वेळी साखळी उभी होते आणि नांगर उचकटतो.

साखळी सोडून झाली की इंजिनाने होडी मागे घ्या, आधी हळू, मग जोर वाढवत, आणि तो जोर मिनिटभर ठेवा. किनाऱ्यावरच्या एका रेषेतल्या दोन खुणा बाजूला पाहा. त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. जास्त साखळी सोडून भागेलच असं नाही, कारण नांगराच्या टोकाला शेवाळाचा गोळा अडकलेला असू शकतो. उचला, साफ करा, पुन्हा टाका. पकड बसल्यावर साखळीला ८-१० मीटर नायलॉनचा दोर हुकने जोडून ताण त्याच्यावर घ्या. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे हिसके साखळी ओढायच्या चरखीवर येत नाहीत.

होडी जागेवरून सरकली की वाजणारा जीपीएसचा अलार्म नांगर तळाला टेकतो त्या क्षणीच लावा. ४९ मीटर साखळी आणि ११ मीटरची होडी असेल तर ६० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सगळीकडे ओहोटीलाही पुरेसं पाणी हवं.

आत आलेल्या वाटेचा माग जीपीएसवर जपून ठेवा, अंधारात बाहेर पडायला तोच उपयोगी पडतो. साखळीचं आतलं टोक होडीला दोरानेच बांधा, आणि तो दोर डेकपर्यंत येईल इतका लांब ठेवा. नांगर वर येत नसेल आणि किनारा जवळ येत असेल तर साखळीच्या टोकाला तरंगता फेंडर (होडीची कड घासू नये म्हणून लावतात तो फुगा) बांधून दोर कापता येतो. सुरी चरखीजवळच हवी.