प्रोसेस हाऊसवाल्यांनो, सांडपाण्याचा खरा हिशोब मांडायच्या आधी एवढं जमवा

इचलकरंजी-सोलापूरकडं ज्यांचं छोटं प्रोसेस हाऊस (कापड धुवायचा-रंगवायचा कारखाना) आहे त्यांनी आधी गेल्या एप्रिल ते मार्चची बिलं एका जागी आणावीत, पाणी, लाईट, बॉयलरचं लाकूड-कोळसा, आणि टँकरच्या चिठ्ठ्या पण, खरी गोम तिथंच असते. मग स्टोअरचं इश्यू रजिस्टर. डाय, सोडा, पेरॉक्साईड आणि मीठ किती उचललं ते महिन्यावार काढा. रिॲक्टिव्ह डाईंगमधलं (सुती कापड रंगवायची नेहमीची पद्धत) मीठ कापडावर राहतच नाही, जवळजवळ सगळं पाण्यात जातं, म्हणजे घेताना पैसे गेले आणि सांडपाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढला म्हणून ते शुद्ध करायला पुन्हा गेले.

टॅलीत 'ईटीपी खर्च' (ईटीपी म्हणजे कारखान्याचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) म्हणून जे खातं असतं त्यात केमिकल आणि सीईटीपीचं, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक प्लांटचं, बिल एवढंच दिसतं आणि मालक म्हणतो प्रदूषणाला आपला एवढाच खर्च. चूक आहे हे. गटारात जाणाऱ्या पाण्यात विकत घेतलेलं पाणी, सॉफ्टनिंग, वाफ, न चढलेला रंग, माणसांची मजुरी सगळंच असतं, त्याचं वेगळं खातं उघडा. आयएसओ १४०५१ हे वाया जाणाऱ्या मालाचाही खर्च मोजायचं २०११ चं स्टँडर्ड हेच सांगतं, पण ते पाठ करायची गरज नाही, लॉटवार किती घातलं, कापडावर किती राहिलं, वाया किती गेलं एवढं लिहिता आलं तरी पुष्कळ.

शेड जुळली नाही म्हणून परत रंगवलेले लॉट किती ते डाईंग मास्तरला चहा पाजून विचारा, रजिस्टरमध्ये तो आकडा सापडेलच असं नाही :) नफा सगळ्यात जास्त तिथंच गळतो असं माझं मत.

प्रदूषण मंडळाकडं दिलेला मागचा फॉर्म ५ (पर्यावरण विवरणपत्र, ३० सप्टेंबरपर्यंत भरतो ते) आणि घातक कचऱ्याचा फॉर्म ४ (३० जूनचा), स्लजच्या, म्हणजे ईटीपीतल्या गाळाच्या, मॅनिफेस्टसकट (तो गाळ बाहेर पाठवल्याची कागदपत्रं) काढून ठेवा आणि बिलांशी ताडून बघा. फॉर्म ५ मध्ये प्रदूषण कमी करायच्या उपायांचा उत्पादन खर्चावर काय परिणाम झाला असा रकानाच आहे, तिथं आपण गुळगुळीत वाक्य टाकून मोकळे होतो. आता शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केलाय, त्यामुळं मोठा बायर उद्या पाण्याचे आकडे मागू शकतो, तेव्हा धावपळ नको.

मीटर नसतील तर निदान बोअर, बॉयलर आणि ईटीपीच्या इनलेटला बसवा. पहिल्याच तिमाहीत नफा वाढेल अशी आशा धरू नका, आधी फक्त गळती कुठं आहे ते दिसेल. आणि सीएला हे मार्चएंडला सांगू नका, फोनच उचलणार नाही, मे महिना बघा.