इनडोअर फुटबॉल संघाचा इतिहास कसा जुळवायचा

अमेरिकेतल्या छोट्या लीगमधल्या इनडोअर फुटबॉल संघाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली गफलत नावातच होते. हा खेळ अमेरिकी फुटबॉलचाच, पण छताखाली, 50 यार्डांच्या मैदानावर, आठ-आठ खेळाडूंचा. संघ बुडतो, नाव मागे उरतं आणि काही वर्षांनी तेच नाव घेऊन वेगळाच संघ उतरतो.

इलिनॉयमधल्या मोलीनचा क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स घ्या. 2000 मध्ये एएफ2 (अरीना फुटबॉल लीगची धाकटी लीग) या लीगच्या पहिल्याच हंगामात तो उतरला आणि 2009 मध्ये लीगबरोबरच संपला. 2018 मध्ये याच नावाचा संघ चॅम्पियन्स इनडोअर फुटबॉल या लीगमध्ये आला, 2019 पासून तो इनडोअर फुटबॉल लीगमध्ये आहे. या दोघांसाठी दोन वेगळ्या शीट (नोंदींची कोष्टकं) करा. आयोवा बार्नस्टॉर्मर्सचं उलटं झालं: 2001 मध्ये मूळ संघ न्यूयॉर्कला जाऊन ड्रॅगन्स झाला आणि जुनं नाव आयोवातल्या डे मॉइनमध्येच एएफ2च्या संघाला मिळालं. लीगची नावंही फसवतात. इनडोअर फुटबॉल लीग 1999-2000 मध्ये एक होती, 2009 पासूनची दुसरी. म्हणून लीगच्या नावापुढे वर्ष लिहायचंच.

शीटमध्ये दर सामन्याला एक ओळ. तारीख, प्रतिस्पर्धी, घरचा की बाहेरचा, मैदान, चारही क्वार्टरचे गुण, अंतिम गुण, सामन्याचा प्रकार, जाहीर प्रेक्षकसंख्या, शेवटी माहिती कुठून घेतली ते, पान क्रमांकासह. यात प्रकाराचा रकाना सगळ्यात मोलाचा. स्टीमव्हीलर्सचा 2000चा हंगाम कुठे 16-0 (विजय-पराभव) दिसेल, कुठे 19-0. दोन्ही बरोबर: 16 साखळी सामने आणि बाद फेरीचे 3. हा रकाना नसेल तर तीन सामने कुठेतरी दोनदा मोजले जातात.

गुण भरून झाले की ताळा करा. क्वार्टरची बेरीज अंतिम गुणांशी जुळली पाहिजे (जादा वेळ झाला असेल तर तेही धरून). मग पूर्ण लीगचं कोष्टक मांडा: सगळ्या संघांचे मिळून एकूण विजय आणि एकूण पराभव समान हवेत, केलेले आणि खाल्लेले गुणही समान हवेत. जुळत नसेल तर बहुतेक वेळा एखादा सामना न खेळताच बहाल झालेला असतो, किंवा लीगबाहेरच्या संघाविरुद्धचा सामना एकाच बाजूच्या खात्यात धरलेला असतो.

मुख्य साधन स्थानिक वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म. शनिवारी रात्री उशिरा संपलेल्या सामन्याची बातमी रविवारी सापडली नाही तर सोमवारचा अंकही पाहा, पण शीटमध्ये तारीख सामन्याचीच टाका, अंकाची नव्हे. संघाची जुनी वेबसाइट वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) हंगामाच्या अधल्या-मधल्या महिन्यांत उघडून पाहा. बंद पडलेल्या संघाचं डोमेन पुढे भलत्याच कुणी घेतलेलं असतं, तेव्हा नंतरच्या प्रतींवर विसंबू नका.

अरीना (संघाचं छताखालचं स्टेडियम) सार्वजनिक मालकीचा असेल तर तिथल्या बैठकांची इतिवृत्तं मागवा. भाडं, थकबाकी, करार कधी मोडला, हे वर्तमानपत्रापेक्षा तिथे नेमकं मिळतं. इलिनॉयमध्ये माहितीच्या कायद्यानुसार पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मुदत वाढवूनही घेता येते. प्रत्यक्ष फाटकातून आत आलेल्यांचा आकडा मिळाला तर वेगळ्या रकान्यात भरा. जाहीर संख्येत फुकट वाटलेली तिकिटंही असू शकतात.

तारीख नसलेला फोटो किंवा तिकिटाचा तुकडा हाती आला तर अरीनाचं नाव वाचा. मोलीनचा अरीना 1993 मध्ये ‘द मार्क’ म्हणून उघडला, 2007 मध्ये आयवायरलेस सेंटर झाला, 2017 मध्ये टॅक्सस्लेअर सेंटर, 2022 मध्ये व्हायब्रंट अरीना. मग गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना बघा. चेंडू उसळून परत मैदानात येईल अशी जाळी दिसली तर तो एएफ2चा काळ. अरीना फुटबॉलचे जनक जिम फॉस्टर यांना या जाळीच्या खेळाचं पेटंट 1990 मध्ये मिळालं, त्यामुळे ते संपेपर्यंत इतर लीगना जाळी लावता येत नव्हती. 2018 नंतरच्या स्टीमव्हीलर्सच्या मैदानावर ती नाही.

खेळाडू फक्त जर्सीच्या क्रमांकावरून कधीच ओळखू नका. अशा संघांत एकाच हंगामात तोच क्रमांक दोघा-तिघांच्या अंगावर जातो. नाव पटलं नाही तर रकाना रिकामा ठेवा आणि कोणत्या तारखांचे अंक चाळले ते शेजारी लिहा, म्हणजे तीच रीळ पुन्हा फिरवावी लागणार नाही.