‘चौकशी सुरू आहे’ म्हणून माहिती नाकारली? या चुका टाळा

माहिती अधिकारात अर्ज करावा आणि महिन्याने एका ओळीचे पत्र हाती यावे: ‘सदर प्रकरणी चौकशी सुरू असल्याने कलम ८(१)(एच) अन्वये माहिती देता येत नाही.’ पुष्कळ अर्जदार इथेच थांबतात. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

चौकशी सुरू आहे एवढ्यावरून माहिती रोखायची मुभा कायद्याने दिलेली नाही. जी माहिती दिल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटल्यात अडथळा येईल, तेवढीच रोखता येते. तो अडथळा कसा येईल हे कार्यालयाने सांगायचे असते. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या २००७ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे: नुसता तपास चालू असणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. शिवाय कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही.

सरसकट मागणी

‘या प्रकरणाची संपूर्ण फाईल द्यावी’ असे लिहिले की नकार देणे सोपे जाते. फाईलमध्ये साक्षीदारांचे जबाब असतात, गोपनीय खबर देणाऱ्याचे नाव असते, आणि ती रोखण्याला खरेच आधार आहे. त्या दोन पानांपायी उरलेली दोनशे पाने अडकतात.

म्हणून कागदांची वर्गवारी करा. चौकशीच्या आधीपासून कार्यालयाच्या दप्तरात असलेले कागद वेगळे, आणि चौकशीत तयार झालेले वेगळे. रस्त्याच्या कामात गैरव्यवहाराची चौकशी चालू असेल तर निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, देयके आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल हे सगळे चौकशीआधीचे कागद. ते दिल्याने तपास कसा बिघडेल, हे सांगणे अधिकाऱ्याला फार कठीण जाते. मागणी अशी लिहा: ‘अमुक कामाच्या कार्यारंभ आदेशाची, अंतिम देयकाची आणि त्या देयकाशी संबंधित मोजमाप पुस्तिकेच्या पानांची साक्षांकित प्रत.’

चौकशीतल्या कागदांपैकी टप्पा सांगणारी माहिती मागा: चौकशीचा आदेश कोणत्या तारखेला निघाला, चौकशी अधिकाऱ्याचे पदनाम काय, मुदत किती दिली, मुदतवाढ कितीदा मिळाली. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे, त्यामुळे दोन गटांसाठी दोन अर्ज केलेले बरे. १० रुपयांचे जास्तीचे शुल्क लागेल, पण एका गटाच्या नकारात दुसरा ओढला जाणार नाही. ‘कारवाई का केली नाही?’ असा प्रश्न मात्र विचारू नका. अभिलेखात जे आहे तेच मिळते. त्याऐवजी ‘कारवाईबाबतच्या टिपणीची प्रत’ मागा.

‘मूळ फाईल तपास यंत्रणेने नेली’ हे उत्तर मान्य करणे

फाईल नेताना पोचपावती, पंचनामा किंवा जावक पत्र तयार होते. त्याची प्रत मागा. कार्यालयाने ठेवून घेतलेल्या छायाप्रती मागा. माहिती दुसऱ्याच प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज कलम ६(३) खाली पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, अर्जदाराकडे परत नव्हे.

अपिलात गाऱ्हाणे मांडणे

भ्रष्टाचाराबद्दलचा संताप योग्यच, पण प्रथम अपिलीय अधिकाऱ्यासमोर (माहिती अधिकाऱ्याचा वरिष्ठ, पहिले अपील ऐकणारा) प्रश्न एवढाच असतो: नकार कायद्याला धरून आहे का? अपिलाचा गाभा असा ठेवा:

‘माहिती दिल्याने तपासात कोणता अडथळा येईल, याचे एकही कारण उत्तरात नमूद नाही. मुद्दा १ ते ३ मधील कागद चौकशी सुरू होण्यापूर्वीचे आहेत. काही भाग रोखणे आवश्यक असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी. कलम ८(२) खालील व्यापक जनहिताचाही विचार व्हावा.’

कलम १० ची ओळ विसरू नका. अर्धी का होईना, माहिती बहुतेकदा तिच्यामुळेच सुटते. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील पत्रात असायलाच हवा. नसेल तर तेही लिहा.

मुदत चुकवणे, किंवा अपिलाऐवजी नवा अर्ज करणे

नवा अर्ज केला की नवे तीस दिवस जातात आणि तेच पत्र परत येते. पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा. उत्तरच आले नसेल तर ३० दिवसांची मुदत संपल्यापासून मोजा. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. पत्र आलेला लिफाफा जपा, त्यावरचा टपालाचा शिक्का मुदतीच्या वादात कामी येतो.

आयोगाकडे कलम १८ ची नुसती तक्रार करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितले आहे की त्या तक्रारीवर आयोग माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ चे अपीलच.

चुकीचे दार ठोठावणे

पोलिस तपासातल्या काही गोष्टींना माहिती अधिकार लागतच नाही. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१६ पासून आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादी किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती कळवली नसेल तर या कलमाचा उल्लेख करून तपास अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर न्यायालयातली कागदपत्रे न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कल अर्ज करून घ्यावीत.