डास सोडण्याआधीची यादी: हिवतापाच्या लसीची पहिली परीक्षा

लस घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकाला संसर्गित डास मुद्दाम चावू द्यायचे, ही हिवतापाच्या लसीची सुरुवातीची कसोटी. आता पुण्यात सीरममध्ये तयार होणारी आर२१ लसही इंग्लंडमध्ये याच वाटेने गेली.

तयारी डासांपासून धरा. लागतात ॲनोफिलीस स्टिफेन्साय, म्हणजे मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढतात तेच. परजीवी असलेलं रक्त पाजून दोनेक आठवडे झालेले असावेत, तेव्हा कुठे स्पोरोझॉइट (परजीवीचं चाव्यातून माणसात शिरणारं रूप) डासाच्या लाळग्रंथीत पोचलेले असतात. आदल्या दिवशी साखरेचं पाणी काढून घ्या, पोट भरलेला डास चावत नाही. जाळी लावलेला कागदी कप हातावर पाचेक मिनिटं ठेवायचा आणि मग प्रत्येक डास सूक्ष्मदर्शकाखाली फाडून बघायचा: पोटात ताजं रक्त आहे का, ग्रंथीत दहापेक्षा जास्त स्पोरोझॉइट आहेत का. दोन्ही असेल तरच चावा मोजायचा. असे पाच भरेपर्यंत नवे डास लावावे लागतात, म्हणून जादा डास हवेतच. खोलीत किती आणले, किती परत गेले, हा हिशेब जुळल्याशिवाय दार उघडू नका.

स्वयंसेवकाच्या औषधांची चौकशी खोदून करा. पुटकुळ्यांसाठी घेतलेली डॉक्सिसायक्लिनसुद्धा परजीवी मारते आणि श्रेय फुकट लसीला जातं. ईसीजी, गर्भचाचणी, जवळच्या माणसाचा फोन नंबर हे नेहमीचंच. लस न घेतलेला तुलना गट त्याच दिवशी, त्याच तुकडीतल्या डासांवर. त्यांना हिवताप झाला नाही, तर अख्खी फेरी बाद.

चाव्यानंतर परजीवी आधी यकृतात वाढतात; तिथून रक्तात यायला साधारण साडेसहा दिवस लागतात. तेव्हा सातव्या दिवसापासून रोज रक्ताची पीसीआर, आणि तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते कळता कामा नये. संसर्ग उशिरा दिसला, तरी ती नोंद मोलाची. रक्तात परजीवी दर ४८ तासांनी सुमारे दहापट होतात, म्हणजे दोन दिवसांचा उशीर झाला तर यकृतातून दहातले नऊ कमी सुटले, असा हिशेब.

हिवतापावरचं औषध पहिल्या दिवसापासून कपाटात असू द्या: आर्टिमेथर-लुमेफँट्रिन, चार-चार गोळ्या ०, ८, २४, ३६, ४८ आणि ६० तासांनी, एकूण २४. सोबत दूध किंवा स्निग्ध खाणं, कारण रिकाम्या पोटी लुमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा. म्हणून माणशी एक पाकीट जास्तीचं मागवा.