जेवणघरात जुनं सागवानी कपाट आणण्याआधी

आधी भांडी मांडा. जेवणघराच्या फरशीवर एक चादर अंथरा आणि नव्या कपाटात जे जे जावं असं मनात आहे ते सगळं तिच्यावर काढून ठेवा. आजीची पितळी ताटं, तांब्या-पेले, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, पाहुण्यांसाठी राखलेला काचेचा सेट, शेंगाचटणीचे डबे, कडक भाकरीचा डबा. मग टेप घेऊन सगळ्यात उंच बरणी आणि सगळ्यात रुंद ताट मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून कागद पाकिटात ठेवा. जुन्या काचेच्या कपाटाचा वरचा भाग उथळ असतो, आतून १२ इंच मिळाले तरी पुष्कळ. १३ इंची ताट त्यात आडवं बसत नाही, उभं ठेवायचं तर फळीला खाच हवी, नाहीतर पुढे पट्टी हवी. हे घरी कळलं तर बरं, कपाट टेम्पोतून उतरवल्यावर कळलं तर त्याचा उपयोग नाही.

भांडी मांडून झाली की कोणतं कपाट हवं हेही आपोआप ठरतं. काचेची, दाखवायची भांडी जास्त असतील तर वर काचेची दारं आणि खाली बंद कप्पे असलेलं कपाट. रोजचं खाणं ठेवायचं असेल तर जाळीच्या दारांचं, ज्याला आपल्याकडे दुभत्याचं कपाट म्हणतात ते. सोलापूरच्या घरात मला हे दुसरं जास्त कामाचं वाटतं. आपली कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते ती कोरडी आणि हवेशीर राहिली म्हणून. जाळीतून वारं खेळतं आणि मांजरही आत येत नाही. पण विकणारे जाळीची कपाटं मागे टाकतात आणि काचेची पुढे मांडतात. तेव्हा मागे काय आहे ते मुद्दाम विचारा.

मग जागा मोजा. भिंतीची रुंदी सगळेच मोजतात, ती सोडून बाकीचं सांगते. टेबलाची खुर्ची मागे सरकवून माणूस उठतो त्याला ३ फूट लागतात, ती जागा कपाटाच्या पुढे उरली पाहिजे. खाली बसून जेवत असाल तर पंगतीच्या मागून वाढणाऱ्याला जाता येईल का ते बघा, कारण खालचं दार उघडलं की दीड फूट पुढे येतं. घराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट यांची मापंही त्याच कागदावर लिहा. उंच कपाट तिरकं करून उभं करताना त्याची तिरपी लांबी छताला लागते. साडेसात फूट उंच आणि दीड फूट खोल कपाटाची तिरपी लांबी ७ फूट ८ इंच होते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या छताला ती चालेल, पण ७ फुटी दारातून ते उभं जाणार नाही, आडवं करूनच न्यावं लागेल, आणि मग जिन्याच्या वळणाचा प्रश्न येतो. म्हणून खालचा आणि वरचा भाग वेगळा होणारं कपाट शोधा.

जागेबद्दल अजून एक, आणि हे खास आपल्या गावासाठी. इथे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे स्वयंपाकघरात पिंपं, हंडे भरलेले असतात आणि त्यांच्या आजूबाजूची भिंत कायम ओलसर असते. त्या भिंतीला कपाट लावू नका. न्हाणीघराच्या भिंतीलाही नको. मागे दोन बोटं जागा सोडा. पश्चिमेच्या खिडकीतून मे महिन्यातलं ऊन थेट लाकडावर येत असेल तर पडदा तरी लावा, नाहीतर जागा बदला.

आता बघायला जाण्याची तयारी. पिशवीत टेप, टॉर्च, छोटं चुंबक, एक दाभण, पांढरं फडकं आणि तो मापांचा कागद. सोबत ओळखीचा सुतार आला तर सगळ्यात उत्तम, त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्या आणि निर्णय होईपर्यंत विक्रेत्यासमोर काही बोलू नका असं आधीच सांगा. बघायला दिवसा जा. पिवळ्या बल्बच्या उजेडात प्रत्येक लाकूड सागवानी दिसतं.

कपाटासमोर उभं राहिलात की नक्षीकडे बघू नका. महिरप, कातीव खांब, बेल्जियम काच म्हणून दाखवलेला आरसा, हे सगळं शेवटी. आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि त्याचे कोपरे बघा. हाताने कापलेला डव्हटेल सांधा, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे एकमेकांत अडकलेले दात, थोडा कमी-जास्त असतो. एक दात जाड, एक बारीक, करवतीची एखादी रेघ पुढे गेलेली. सगळे दात तंतोतंत सारखे असतील तर ते यंत्राचं काम. ड्रॉवरचा तळ आतून पॉलिश न केलेला असतो, तिथे लाकडाचा खरा रंग दिसतो. बाहेर काळसर तांबडं आणि आत पांढुरकं असेल तर रंग वरून चढवलाय. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो. शिसवीत जांभळट काळ्या रेषा असतात आणि ते उचलायला जास्त जड जातं.

मग मागे जा. आमच्या घरी आलेलं पहिलं कपाट मी पुढूनच बघितलं होतं. विकणाऱ्याने बर्मा टीक, शंभर वर्षांचं, असं सांगितलं आणि वरची कोरीव महिरप बघून मी हो म्हणाले. मागची पाठ प्लायवुडची होती, रंग देऊन बेमालूम केलेली. तिसऱ्या पावसाळ्यात त्या प्लायमध्ये वाळवी शिरली आणि आईच्या लग्नातल्या चांदीच्या वाट्यांची मखमली पेटी तिने खाल्ली. वाट्या राहिल्या. पेटी आईच्या वडिलांनी दिलेली होती, ती गेली. त्या दिवसापासून मी कपाट मागून बघायला सुरुवात करते. जुन्या कपाटाची पाठ फळ्यांची असते, फळ्यांमध्ये बारीक फटी पडलेल्या असतात, आणि तसंच असायला हवं. लाकूड आडव्या बाजूने आकसतं-फुगतं, त्याला ती जागा लागते. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे कोकणातून किंवा मुंबईतून आणलेलं कपाट इथे पहिल्या मे महिन्यात हमखास आकसतं. पाठीच्या फटींनी घाबरू नका. बाजूच्या एकसंध फळीला वरून खालपर्यंत गेलेली चीर मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

स्क्रू बघा. एकच सरळ खाच असलेले स्क्रू जुने असू शकतात. फुलीच्या खाचेचे, ज्यांना आपण स्टार स्क्रू म्हणतो ते, १९३० च्या दशकात आले. तेव्हा शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या कपाटात सगळीकडे तेच असतील तर काय समजायचं ते समजा. एखाद्या बिजागरीला असतील तर ती दुरुस्ती, त्यात वावगं काही नाही. मुठी आणि कड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडावर पितळी मुलामा आहे. काचेकडे तिरकं बघा, पलीकडची खिडकी काचेतून हलल्यासारखी लहरत असेल, एखादा बुडबुडा असेल, तर काच जुनी. आजची सपाट फ्लोट काच बनवण्याची रीत १९५० च्या दशकात निघाली. जुनी लहरी काच असेल तर ती फुटू न देता घरी आणणं हे वेगळं काम आहे, त्याबद्दल पुढे.

वरचा आणि खालचा भाग एकमेकांचेच आहेत का हेही तपासा. दोन वेगळ्या मोडक्या कपाटांचे चांगले भाग एकावर एक ठेवून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. दोन्हींच्या बाजूच्या फळ्यांची जाडी, लाकडाच्या रेषा, बिजागऱ्यांचा घाट जुळतो का बघा. वरचा भाग उचलायला लावा. त्याखाली खालच्या माथ्यावर त्याच मापाचा, कमी उन्हामुळे वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला पाहिजे. जोडी जमवलेली असली तरी घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्या हिशोबाने करा.

पाय बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, बसा. जुन्या घरांत मुंग्या चढू नयेत म्हणून दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. त्या वाट्यांतल्या पाण्याने पायांचा तळ वर्षानुवर्षं भिजत राहतो. तिथे दाभण टोचा. सहज आत गेलं तर पाय कुजलाय. कुजलेला भाग कापून टाकलेला असेल तर कपाट जमिनीला टेकल्यासारखं दिसतं, खालून केरसुणी जात नाही. चारही पाय सारखे कापले असतील तर नवे तुकडे जोडता येतात, पण त्याचे पैसे आधी सुताराला विचारून घ्या.

कीड दोन प्रकारची. वाळवी मातीचे बोगदे करत येते, ते पाठीमागे आणि पायांच्या आत दिसतात. भुंगा टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं पाडतो. भोकं जुनी असतील तर आत काळं, धूळ बसलेलं दिसतं, ताजी असतील तर खाली पिठासारखी भुकटी पडते. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, कडेचं पांढरं लाकूड मात्र खाल्लं जातं. शंका असेल तर विक्रेत्याला फळी पुसायला सांगा, खाली काळा कागद ठेवा आणि दोन आठवड्यांनी परत या. दोन आठवडे थांबायला तयार नसणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

वास घ्या. दार उघडून डोकं आत घाला. कपड्यांचं कपाट म्हणून वापरलेलं असेल तर डांबरगोळ्यांचा वास लाकडात मुरलेला असतो आणि तो भाकरीला लागतो. सावलीत दारं उघडी ठेवून तो हळूहळू कमी होतो, पण नाकाला कळेनासा होईपर्यंत खाण्याचं काही ठेवू नका.

‘अँटिक’ हा शब्द ऐकून किंमत वाढवून देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूसाठी १०० वर्षं ही मर्यादा आहे, पण बाजारात चाळीस वर्षांच्या कपाटालाही तोच शब्द लावतात. चाळीस वर्षांचं कपाटही चांगलं असू शकतं. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, अगदी तमिळनाडूतलं कारैकुडी इथपर्यंत लोक जातात. माझं म्हणणं, आधी आपल्या कसब्यात आणि पेठांत चौकशी करा. गिरण्यांच्या भरभराटीत बांधलेले वाडे पडताहेत, अपार्टमेंट उभी राहताहेत, आणि त्या घरांतलं सामान कुठे जाणार हे कुणी विचारतच नाही. असं कपाट घेताना घरातल्या मोठ्या माणसाशी बसून बोला. ते कुणी, कधी करवून घेतलं, कुठल्या खोलीत होतं, हे विचारा आणि लिहून ठेवा. त्या घरातली आजी कपाट जाताना बघत उभी असते. भाव पाडायला तिच्यासमोर कपाटाची खोट काढू नका. मोल करायचं ते बाजूला, मुलाशी करा.

आणायच्या दिवशी काचा काढता येत असतील तर काढा, नाहीतर दोन्ही बाजूंनी कागदी टेपची फुली मारा. फळ्या आणि ड्रॉवर बाहेर. दारं सुतळीने बांधू नका, पॉलिशवर वळ उठतो, जुन्या साडीच्या पट्ट्या वापरा. गुंडाळायला आपल्या जाड सोलापुरी चादरीसारखं दुसरं काही नाही, टेम्पोत चार जास्तीच्या न्या. हमालांना कपाट तळाला धरून उचलायला सांगा, महिरपीला हात लावू देऊ नका. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.

घरी आल्यावर लगेच घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा. जुनं पॉलिश बहुधा चपडा लाखेचं असतं. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावा, चिकट झालं तर लाखच. ते पॉलिश सुताराला दुरुस्त करता येतं, एकदा खरवडून काढलं की परत येत नाही. कपाटाला ऑइलपेंट असेल तर तो सँडपेपरने मुळीच घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाली. ती धूळ जेवणघरात, मुलांच्या आसपास नको. रंग तसाच राहू द्या किंवा जाणकाराकडून घराबाहेर काढून घ्या.

शहाबादी फरशी सगळीकडे सपाट नसते, म्हणून पायांखाली पातळ लाकडी चकत्या घालून कपाट लेव्हल करा, नाहीतर दारं आपोआप उघडत राहतील. वरचा भाग लोखंडी पट्टीने भिंतीला बांधून घ्या. भिंत जुनी मातीची असेल तर खिळा धरणार नाही, तिथे आडवी लाकडी पट्टी बसवून मग बांधा. पंधरा दिवस कपाट रिकामं ठेवा, लाकडाला या घराची हवा लागू द्या, दार अडकलं तरी रंधा मारायची घाई करू नका. मग बरण्या आणि पितळ खालच्या कप्प्यात, काच वर, आणि चटणीच्या डब्यांखाली स्टीलची ताटली, कारण शेंगदाण्याचं तेल लाकडात गेलं की निघत नाही.