मिरगाचा पाऊस आणि खिशातला चाकू: तेल कुठलं घालायचं?

मिरीग निघाला की बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आंब्या-काजूच्या कलमांची घाई सुरू होते. वर्षभर खुंटीला पडलेला घडीचा चाकू खिशात येतो, उघडताना कुरकुरतो, आणि हात आपसूक चुलीजवळच्या तेलाच्या बाटलीकडे जातो. यंदा तेवढा हात आवरा.

कढईच्या बाहेर तेलाचा ओघळ आला की तिथं पिवळा चिकट थर धरतो, तो नखानं खरवडला तरी सुटत नाही. करडई, सूर्यफूल, अळशी यांची तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन अशीच आळतात. सुतार अळशीचं तेल लाकडाला चोळतो ते ह्याच गुणासाठी. पातं ज्यावर फिरतं त्या चाकूच्या खिळ्यात तोच गुण आडवा येतो. मी एका पावसाळ्यात करडईचं तेल घातलं होतं. पंधरा दिवस चाकू लोण्यासारखा चालला, दिवाळीला पातं उपसायला पक्कड घ्यावी लागली. शेंगतेल जरा उशिरा चिकटतं, एवढाच फरक. खोबरेल चिकटत नाही, पण साधारण 24 अंशांखाली गोठतं. बेळगावात त्यासाठी थंडीची वाट बघावी लागत नाही, आषाढातल्या सकाळीही बाटली गरम पाण्यात धरावी लागते.

मग घालायचं काय? शिलाई मशीनचं तेल. पातळ, स्वस्त, गावातल्या दुकानात मिळणारं खनिज तेल. वाळत नाही, खवट होत नाही. त्याच चाकूनं काकडी, आंबा कापून खात असाल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या. पोट साफ होण्यासाठी देतात तेच. त्याला वास नाही, चव नाही. ट्रॅक्टरचं काळं जळकं ऑइल मात्र चाकूच्या जवळही आणू नका, त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा कीस असतो. ग्रीस पंपाला ठीक. एवढ्याशा खिळ्यात ते माती धरून बसतं. डब्ल्यूडी-40 चा फवारा भिजलेल्या चाकूतलं पाणी हुसकायला उत्तम, त्याचं नावच त्या कामावरून पडलंय. पण मागं राहणारा थर फार पातळ असतो, म्हणून फवारल्यावर पुसून वर एक थेंब तेल हवंच. कुलपात घालतात ती ग्रॅफाइटची पूड पावसात नको, ओल लागली की लोखंडाला उलट गंज धरतो.

थेंब म्हणजे थेंबच. आधी चाकू साबणाच्या पाण्यानं धुवा, चीक असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं काढा, पूर्ण कोरडा करा. मग हिराच्या काडीच्या टोकावर तेल घेऊन खिळ्याच्या दोन्ही बाजूंना टेकवा, दहा-बारा वेळा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं तेल सुती फडक्यानं टिपा. पात्यावर नुसतं तेलकट फडकं फिरवलं तरी पुरे. लॉकचा, म्हणजे उघडल्यावर पातं अडकून राहणारा चाकू असेल, तर लॉक जिथं पात्याला टेकतं तिथं तेल नको, लॉक निसटलं तर पातं बोटावर येतं.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडं पाऊस आणि गंज, तर अथणीकडं काळी धूळ. तिकडं जास्त तेल म्हणजे धुळीचं वाटण, आणि ते खिळा झिजवतं. खानापूरवाल्यानं पावसाळ्यात आठवड्याला एक थेंब घालावा, अथणीवाल्यानं तेलापेक्षा फडकं जास्त वापरावं.

आता कलमवाल्यांसाठी. तेलकट पात्यानं काप घेतला की तेल कापावर बसतं आणि खालचा खुंट व वर बांधलेली काडी जुळायला अडथळा होतो. कलम बांधायला बसण्याआधी पातं स्पिरिटनं पुसा, झाडागणिक पुन्हा पुसा, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्यावर जाणार नाही. ब्लीचिंगच्या पाण्यात चाकू बुडवणारे आहेत. बुडवा, पण लगेच धुऊन कोरडा करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत लाल ठिपके दिसतील.

द्राक्षवाल्यांचं तर आणखी एक काम ह्याच चाकूवर चालतं. बुरशीवर फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर, तयार झालं की घासलेलं पातं मिनिटभर त्यात धरून बघतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. पात्यावर तेल असेल तर तांबं नीट चढत नाही आणि चुना पुरला असा गैरसमज होतो. कोवळी पानं करपली की मग कळतं. म्हणून कसोटीआधी पातं स्पिरिटनं पुसा, कसोटीनंतर लगेच धुवा. मोरचुदाचं पाणी लोखंड खातं.

खतानं भरलेले हात पुसून चाकू खिशात टाकायची सवय बहुतेकांना आहे. पोटॅश हे क्षार, घाम हेही क्षार, दोन्ही गंजाचे सोबती. रात्री चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. उघडाच खुंटीला लटकवा.

आणि तेल घालूनही चाकू घट्टच असेल, मूठ लाकडाची असेल, तर आणखी तेल ओतू नका. भिजून लाकूड फुगलंय, त्यानं पातं चेपलंय. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. चुलीवर धरलात तर मूठ तडकेल.